मागून येणारी सायकल

दादा गेला तेव्हा रविवार होता आणि रस्ता जवळजवळ रिकामा होता. हे मला अजून पचत नाही. एरवी तळोज्याच्या त्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगा असायच्या आणि दादा त्यांच्यातूनसुद्धा सायकल काढत कामावर पोचायचा. गेला तो मात्र सुट्टीच्या दिवशी, चांगल्या उजेडात, मागून आलेल्या एका ट्रेलरखाली. पोलिसांनी त्याची सायकल परत दिली तेव्हा तिचा मागचा लाल दिवा चालू होता. वहिनीने तो काढून घेतला, पण बंद केला नाही. बॅटरी संपेपर्यंत तो स्वयंपाकघराच्या खिडकीत लुकलुकत राहिला.

आम्ही लहान होतो तेव्हा नवी मुंबई अजून व्हायची होती. वडील पावण्याच्या एका कारखान्यात होते आणि जवळच्या नव्या वसाहतीत आम्हाला घर मिळालं होतं. रस्ते आधी आले होते, माणसं नंतर येणार होती. हे एवढे रुंद डांबरी रस्ते, दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत, आणि दुपारभर एक गाडी दिसायची नाही. तिथे दादाने मला सायकल शिकवली. मी पुढे, तो त्याच्या सायकलवर मागे. मी सारखी मान वळवायचे आणि पडायचे. मग तो ओरडायचा, "मागे बघू नको! मागे मी आहे." त्याने पेडल मारायचं थांबवलं की त्याच्या चाकाची टिकटिक ऐकू यायची. मला तेवढं पुरायचं.

पुढे त्या रस्त्यांवर गाड्या आल्या, सिग्नल आले, उड्डाणपूल आले. दादा खारघरला राहायला गेला, मीही पुढच्याच सेक्टरमध्ये. त्याची सायकल सुटली नाही. फ्रान्समध्ये कुठे नदीच्या काठाकाठाने सायकलवाल्यांसाठी रस्ता आहे, दिवसचे दिवस गाडी आडवी येत नाही, असं त्याने फोनवर पाहिलं होतं. तो व्हिडिओ त्याने आम्हाला इतक्यांदा दाखवला की त्यातली झाडंसुद्धा माझ्या ओळखीची झाली होती. "रिटायर झालो की आपण तिघं जाऊ," तो म्हणायचा. वहिनी हसायची. "मला टेम्पोत घालून न्या. मला कुठे येते सायकल?"

तो गेल्यावर वर्ष उलटलं होतं. एका संध्याकाळी वहिनी माझ्याकडे चहाला आली आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाली, "आपण जाऊ या गं तिकडे."

"कुठे?"

"त्या नदीवर. दोघी."

"वहिनी, तुला सायकल येत नाही."

"शिकेन. तू शिकव."

पन्नाशी ओलांडलेली बाई खारघरच्या डोंगराखालच्या रस्त्यावर सायकल शिकत होती आणि तिची नणंद सीट धरून मागे पळत होती. पहाटे फिरायला येणारे लोक टाळ्या वाजवायचे. ती पडली, गुडघा फुटला, पुन्हा बसली. माझी भाची पुण्याहून फोनवर रडली, "आई, बाबांचं झालं ते कमी आहे का?" वहिनी शांतपणे म्हणाली, "तिथे गाड्या नसतात."

फ्रान्सला पोचून त्या ल्वार नदीच्या काठी आम्ही भाड्याच्या सायकली घेतल्या. वहिनीची बॅटरीवाली, माझी साधी. सप्टेंबर सुरू होता. नदी रुंद आणि उथळ, मधेमधे पिवळ्या वाळूची बेटं, त्यांवर बगळे. एका बाजूला पूर अडवायचा जुना बांध आणि बांधावरून आमचा रस्ता. आमच्याकडच्या मिठागरांच्या बांधांची आठवण यावी असा, फक्त इथे वारा खारट नव्हता. दूरवर पांढऱ्या दगडाची गावं. माणूस क्वचित दिसायचा, तोही लांबून हात वर करून निघून जायचा.

आयुष्यभर हॉर्न ऐकत आलेल्या माणसाला अशी शांतता आधी बरी वाटते आणि मग भीती वाटायला लागते. पहिल्याच दुपारी, पॉप्लरच्या झाडांखालून जाताना, मी पेडल मारायचं थांबवलं आणि मागे टिकटिक ऐकली.

माझ्या चाकाचीच असेल, असं वाटलं. मी पुन्हा पेडल मारलं. माझं चाक गप्प झालं, मागची टिकटिक चालू राहिली. कोणी मागून येतंय म्हणून मी कडेला झाले. कोणी पुढे गेलं नाही. वळून पाहिलं तर बरीच मागे वहिनी होती, मधला रस्ता मोकळा होता. झाडांची सावली पडली होती, बस्स.

असं त्या दिवशी तीनचारदा झालं. दुसऱ्या दिवशीही. दर वेळी मी कडेला व्हायचे, वाट द्यायचे. वहिनी माझ्या मागे चालवत होती. एकदा तिने विचारलं, "कोणाला साइड देतेस?"

"कोणाला नाही. खड्डा होता."

त्या रस्त्यावर खड्डा नव्हता.

त्या संध्याकाळी आम्ही एका म्हाताऱ्या बाईच्या घरी उतरलो होतो. तिने अंगणात टेबल मांडलं होतं, सूप आणि पाव दिला आणि आम्हाला बोलता येत नाही हे बघून आत निघून गेली. खाली नदी काळी व्हायला लागली होती. वहिनी पावाचा तुकडा हातात धरून बसली होती. अचानक म्हणाली, "मला पण येतो आवाज."

"कसला?"

"तुला माहितीये कसला. पहिल्या दिवसापासून येतोय. तो तुझ्या मागे असतो. माझ्या पुढे आणि तुझ्या मागे, मधे." ती नदीकडे बघत होती. "म्हणून मी तुला पुढे जाऊ देते. मला वाटतं, बघू तरी, कधी एकदा तो थांबेल, माझ्यासाठी."

तीस वर्षांचा संसार तिचा, आणि तो येतो तो बहिणीच्या मागे. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"उद्या तू पुढे हो," मी म्हणाले.

सकाळी नदीवर दाट धुकं होतं. घरमालकिणीने हातवारे करून थांबायला सांगितलं, पण वहिनी थांबेना. ती पुढे निघाली. थोडा वेळ तिचं लाल जाकीट दिसत होतं, मग तेही पुसलं गेलं. मी मागून जात राहिले. मी कान देऊन ऐकत होते. माझ्या मागे काही नव्हतं. पुढे, धुक्यात, टिकटिक होती. वहिनीची सायकल बॅटरीवर चालली की घूं घूं आवाज करायची, हा तो नव्हता.

"वहिनी!" मी हाक मारली. उत्तर आलं नाही.

मी जोरात पेडल मारत सुटले आणि एकदम तिच्यावर आदळता आदळता वाचले. ती उतरून उभी होती. आमचा रस्ता तिथे बांधावरून उतरत होता आणि खऱ्या रस्त्याला, गाड्यांच्या रस्त्याला, छेद देऊन पलीकडे जात होता. मधे फक्त पांढरे पट्टे. वहिनीने हँडल इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती.

"इथवर होता," ती म्हणाली. "पलीकडे गेला. मला नाही जमत."

"कोणी नाहीये वहिनी. चल, मी आहे."

"येतंय. ऐक."

खरंच येत होतं. धुक्यातून दोन दिवे आले आणि त्यांच्यामागे दुधाचा एक मोठा टँकर. मी तिला ओढून मागे घेणार तेवढ्यात टँकरचा वेग कमी झाला. तो पट्ट्यांच्या बराच अलीकडे थांबला. ड्रायव्हरने काचेतून आम्हाला जा म्हणून खूण केली. आम्ही हललो नाही. त्याने पुन्हा खूण केली. मग त्याने काय ओळखलं कोण जाणे, इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला, पलीकडून कोणी आलं तर त्याला अडवायला. जाडजूड माणूस होता, अंगात स्वेटर. त्याने आमच्यासाठी हात लांब केला.

इंजिन बंद झाल्यावर नदीचा आवाज ऐकू यायला लागला. आणि वहिनी रडायला लागली. अंत्यसंस्काराला रडली नव्हती, पोलीस स्टेशनात रडली नव्हती. सायकल हाताने ढकलत, हुंदके देत, ती ते पांढरे पट्टे ओलांडून गेली. मी तिच्या बाजूने चालत होते. पलीकडे पोचल्यावर ती वळली आणि त्या माणसाला मराठीतच म्हणाली, "असं थांबायचं असतं हो. एवढंच करायचं असतं."

त्याने मान हलवली, जणू सगळं कळलं. मग टँकर निघून गेला.

त्यानंतर समुद्र जवळ येईपर्यंत आम्ही चालवत राहिलो. धुकं विरलं, ऊन पडलं, द्राक्षाच्या मळ्यांत तोडणी चालली होती. मागे आवाज आला नाही. पुढेही नाही. मी मुद्दाम सावकाश चालवून पाहिलं, पेडल थांबवून पाहिलं. माझ्याच चाकाची टिकटिक. एका गावातल्या बाकावर टेकलो असताना वहिनीने विचारलं, "तुला?" मी मान हलवली. "मलाही नाही," ती म्हणाली आणि सफरचंद कापायला घेतलं. तिचा चेहरा मोकळा झाल्यासारखा दिसत होता. मला मात्र काहीतरी दुसऱ्यांदा हिरावून घेतल्यासारखं झालं होतं, आणि ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.

परत आल्यावर वहिनीने स्वतःसाठी सायकल घेतली. आता ती रविवारी सकाळी डोंगराकडच्या रस्त्याला जाते. मी तिच्याबरोबर एकदाच गेले. पहिला ट्रक दिसला आणि माझे पाय पेडलवरून सुटले. नदीकाठी जे भय तिच्याकडून गळून पडलं ते बहुतेक मी उचलून आणलं.

त्यामुळे रविवारी मी तिच्या घरी जाऊन बसते. भाचीला मेसेज टाकते, आई गेली आहे, येईल. पंखा बंद ठेवते, म्हणजे रस्त्यावरचं ऐकू येतं. फोन वाजला की पहिल्याच रिंगला उचलते; बहुतेक वेळा सोसायटीच्या पाण्याच्या टँकरबद्दल कोणीतरी विचारत असतं. ऊन चढतं. मग लिफ्टचं दार वाजतं आणि बाहेरून तिचा आवाज येतो, "अगं, दार उघड ना. डोंगरावरच्या बायकांकडून भाजी घेतली, दोन्ही हात भरलेत."