ताप न आलेला न्यूमोनिया

आईचा संधिवात इतका वाढला होता की तिला पोळी लाटता येत नसे. बडोद्यातल्या एका डॉक्टरांनी नवी इंजेक्शनं सुरू केली आणि काही महिन्यांत तिची बोटं मोकळी झाली. सुभानपुऱ्यातल्या आमच्या घरात ती पुन्हा स्वयंपाक करू लागली.

त्या हिवाळ्यात तिला खोकला झाला, जिना चढताना धाप लागू लागली. वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मोजल्याशिवाय काही न मानणारे. त्यांनी तिच्या काखेत थर्मामीटर लावला.

"ताप नाही. नाटकं पुरेत, ऊठ."

ती उठली. ओट्याला टेकून, थांबत थांबत तिने आमटी केली. मीठ कमी आहे, एवढंच वडील बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीघरात कोसळली. तिचे ओठ निळे पडले होते.

"दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया आहे," डॉक्टर वडिलांना म्हणाले. "काका, जंतू शिरले की शरीरातल्या पेशी रसायनांतून एकमेकींना निरोप धाडतात. त्यातलं एक रसायन फार झालं म्हणून यांचे सांधे सुजायचे. इंजेक्शनने आपण तेच अडवलं. पण ताप यायला आणि जंतूंशी लढायलाही तेच लागतं."

आई वाचली. इंजेक्शनं मात्र बंद झाली आणि बोटं परत वाकडी झाली, पहिल्यापेक्षा जास्त. वडील तिला म्हणाले, "चला, आता निदान थर्मामीटरवर तुझं आजारपण खरं की खोटं ते कळेल."

मी तिला वरणभात भरवत होते. तिने तोंड मिटून घेतलं.