पार्वतीबाईंच्या टोपातलं पाणी

रमणिकभाईंची माझी पहिली ओळख त्यांच्या कापडाच्या दुकानात झाली. मी तेव्हा शाळेत नवीनच लागलेली मराठीची शिक्षिका. महावीर जयंतीला भाषण करण्याचा हुकूम मुख्याध्यापकांनी सोडलेला, आणि ‘अहिंसा’ या एका शब्दापलीकडे मला ओ की ठो माहीत नव्हतं. ब्लाउजपीस घेता घेता सहज विचारलं. भाईंनी मीटरपट्टी खाली ठेवली ती तासाभराने उचलली. “बाई, वैभव सोडलं हे सगळेच सांगतात. पुढची साडेबारा वर्षं ते बहुतेक गप्प राहिले, हे सांगा. आपल्याला साडेबारा मिनिटं जमत नाही.” गिऱ्हाइकं ताटकळत होती. भाई मात्र गप्प बसायचं नाव घेत नव्हते!

त्यानंतर त्यांच्या रविवारच्या वर्गाला मी नेमाने जाऊ लागले. महावीरांचं चरित्र ते मराठीत शिकवतात, आणि येईल त्याला शिकवतात. माझ्या वडिलांच्या आजारपणात दुकान बंद ठेवून हा माणूस आमच्या घरी येऊन बसत असे. असं बरंच लिहिता येईल. पण मी त्यांच्यावर लेख लिहितेय हे कळताच त्यांनी मला बजावलं, “पाण्याची गोष्ट लिहिणार असाल तरच लिहा. नाहीतर राहू दे.” तेव्हा ती लिहिते. भाईंबद्दलचा राग अजून पुरता गेलेला नाही, हेही सांगून टाकते.

काही वर्षांपूर्वीचा वैशाख. दोन जैन साध्वीजी रत्नागिरीहून किनाऱ्याने राजापूरकडे अनवाणी निघाल्या होत्या. सोबत भाई आणि मी. पावस मागे पडलं आणि सड्याच्या कातळी उतारावर धाकट्या साध्वीजींचा पाय घसरला. हातातला घडा जांभ्या दगडावर आपटून फुटला. उकळून गार केलेलं सगळं पाणी मातीत गेलं. थोरल्या साध्वीजी आधीच उन्हाने कोमेजल्या होत्या. खालच्या वाडीतल्या शाळेच्या पडवीत पोचेपर्यंत त्यांना भोवळ आली.

सूर्य समुद्रापासून दोन हात वर होता. तो बुडाला की दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत त्या पाण्याचा थेंबही घेणार नव्हत्या. पुढच्या मुक्कामाचं पाणी गाडीने आणू म्हटलं, तर आणून दिलेलं चालत नाही. त्यांच्यासाठी मुद्दाम उकळलेलंही खरं तर चालत नाही. घरात असलेलंच हवं, आणि दारात जाऊन घेतलेलं.

समोरच पार्वतीबाईंचं घर. अंगणात सुकत घातलेले बांगडे. धाकट्या साध्वीजी पात्र घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या आणि भाईंनी चौकशी केली. पार्वतीबाई म्हणाल्या, “उकळलेलं पाणी हाय की. कावीळ झाली तेव्हापासनं मी तेच पिते. टोप झाकून ठेवलाय.”

भाईंची नजर बांगड्यांवर.

“म्हावरं लेकाचं. मी माळ घातल्यापासनं चाखलेलं नाय. चूल वेगळी, टोप वेगळा.”

“मावशी,” भाई म्हणाले, “साधूंच्या बाबतीत तरी खोटं बोलू नये.”

मी आयुष्यात भाईंच्या तोंडून असा शब्द ऐकला नव्हता. पार्वतीबाईंचा चेहरा पडला. “गळ्यातली माळ काय मिरवायला घातलीय?” एवढंच बोलून त्या आत गेल्या. साध्वीजींचा नियम असा, की शंका आली तर घ्यायचं नाही. त्या रिकामं पात्र घेऊन परत फिरल्या. सूर्य बुडाला.

त्या रात्री मी पार्वतीबाईंकडेच झोपले. वेगळी चूल पाहिली, झाकलेला टोप पाहिला. पहाटे पडवीत येऊन भाईंना सांगितलं. पडवीत थोरल्या साध्वीजी भिंतीला टेकून होत्या. ओठ फुटलेले, आवाज जेमतेम.

“रमणिकभाई, गौतमस्वामींना आनंद श्रावकाकडे कुणी पाठवलं?”

भाई रडू लागले. ती गोष्ट त्यांनीच आम्हाला कितीदा शिकवली होती! गौतम महावीरांचे पट्टशिष्य. आनंद साधा गृहस्थ. आपल्याला झालेलं ज्ञान त्याने सांगितलं, तेव्हा गौतम म्हणाले, गृहस्थाला एवढं होत नाही, प्रायश्चित्त घे. महावीरांनी निवाडा दिला: आनंद खरा, चूक तुझी, जा, त्याची क्षमा माग. आणि एवढे मोठे गौतम, भिक्षा तशीच ठेवून आल्या पावली परत गेले.

“शंका तुम्ही घेतलीत,” साध्वीजी म्हणाल्या. “तुम्हीच मिटवा. मग पाणी.”

भाई धावले. सत्तरीचा माणूस, चपला पडवीतच राहिल्या. पार्वतीबाई अंगण झाडत होत्या. त्यांच्यासमोर हात जोडून, अख्ख्या वाडीदेखत भाई म्हणाले, “मिच्छामि दुक्कडम्. माफी द्या. खोटा मी होतो.”

बाईंनी झाडू थांबवला नाही. “माफीचं मागनं बघू. त्या माउलीला आधी पाणी न्या.”

धाकट्या साध्वीजी पुन्हा दारात आल्या. उन्हं वर आल्यावर थोरल्यांनी पहिला घोट घेतला. त्या वाचल्या. तिसऱ्या दिवशी चालूही लागल्या.

तेव्हापासून दर संवत्सरीला, जैनांच्या क्षमा मागायच्या दिवशी, भाई त्या वाडीत जातात आणि दारात हात जोडून उभे राहतात. पार्वतीबाई चहा देतात, नातवंडांची चौकशी करतात, आणि माफीचं विचारलं की म्हणतात, “पुढल्या वर्षी बघू.” मी एकदा त्यांना म्हटलं, अहो, सोडा आता. त्या हसल्या. “सोडलंच हाय मी कवाच. पण तसं सांगितलं तर ते यायचे नायत.”

हे भाईंना मी आजवर सांगितलेलं नाही. आता छापून येतंय, तर वाचतील. भाई, तुम्हाला निरोगी शंभर वर्षं लाभोत, आणि यंदाच्या संवत्सरीलाही तुम्ही त्या दारात जा.