जावयासाठी भरलेली सरकीची गादी

आमच्या घरात माणसं तीन आणि झोपेच्या तऱ्हाही तीन. मालकांना भर उन्हाळ्यात गोधडी लागते. मुलगी मंदा लग्नाआधी भिंतीला पाय चिकटवल्याशिवाय निजत नसे; भिंत गार असते म्हणे. मला काहीच लागत नाही. मी तुरीच्या पोत्यावर बसल्या बसल्या घोरते (असं मालक म्हणतात. मी कधी ऐकलेलं नाही). त्यामुळे कुणी अंथरुणाची तक्रार केली की मला ते सोंगच वाटायचं.

मंदाला आखाडा बाळापूरला दिलं. पहिल्या दिवाळसणाला जावई आमच्याकडे सेनगावला आले. मी त्यांना घरातली सगळ्यात जाड कापसाची गादी दिली, वर आणखी एक रचली. माणूस त्यात असा रुतला की सकाळी नाक तेवढं दिसत होतं! उठले ते घामाघूम, कंबर धरून. दोन दिवस राहायचे, ते पहिल्या जीपनं परत गेले. मग विहीणबाई मंदाला रोज ऐकवू लागल्या, "तुझ्या माहेरी माणसाला धड निजूबी देत न्हाईत का?" पोरगी रडकुंडीला आली.

मी ठरवलं. येत्या उन्हाळ्यात धोंड्याचा महिना होता, जावयाला जेवायला बोलवायचंच होतं. या वेळी हा माणूस माझ्या घरी गाढ झोपणार आणि तसं स्वतःच्या तोंडानं आईला सांगणार!

गादी भरणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, कापूस कमी घाला. शेजारीण म्हणाली, काथ्या घाला. मालक म्हणाले, "चटई टाक."

"जावयाला चटई? लोकं तोंडात शेण घालतील माझ्या!"

मग एका दुपारी म्हशीच्या सरकीच्या पोत्यावर टेकले ती दिवेलागणीलाच उठले. पोतं कसं टणक, हाताला गार! झालं. पट्ट्यापट्ट्यांच्या नव्या कापडाची खोळ शिवली आणि अख्खं पोतं तिच्यात ओतलं.

"अगं, म्हशीचं खाणं हाय ते!" मालक ओरडले.

"म्हैस गादी खाणार हाय का?" (हे मी बोलायला नको होतं.)

जावई मंदाला घेऊन आले. तुपात बुडवलेले धोंडे जेवले. पत्र्याखाली आमची लाही होत होती.

"मामी, आत लई उकडून राहिलं. लिंबाखाली पडू का?"

"पडा की, पाव्हणं!"

गादी बाहेर टाकली, तर तीही तापलेली. मी तांब्याभर पाणी शिंपडलं. गार वाटेना, म्हणून बादलीच ओतली आणि वर कोरडी पासोडी अंथरली. आता, म्हशीला सरकी भिजवूनच घालतात हे मी जन्मभर करत आलेली बाई. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात जावयाशिवाय दुसरं जनावर नव्हतं.

जावई पडल्या पडल्या घोरायला लागले. मी मंदाकडं ऐटीत बघितलं. तेवढ्यात गोठ्यात म्हशीनं मान वर केली, नाक फेंदारलं, एका हिसक्यात खुंटा उपटला आणि थेट गादीच्या पायथ्याशी येऊन शिवण फाडली.

"आई, हाकल तिला!"

"गप! ते जागे होतील!"

मालक काठी घेऊन धावले. मी काठी धरली.

"सोड! गादी खाऊन राहिली ती!"

"खाऊ द्या! जावयाला तर न्हाई खात ना?"

आधी जावयाचे पाय खाली आले. मग कंबर. ते कुशीवर वळले, तर मोकळी झालेली बाजू म्हशीनं उरकून घेतली. शेवटी जावई अलगद घरंगळून उघड्या जमिनीवर आले आणि काय सांगू, घोरणं दुप्पट झालं!

उन्हं कलल्यावर उठले. हात ताणून झकास आळस दिला.

"मामी, कंबर एकदम मोकळी झाली! आईला सांगतो, अशी झोप कुठंच लागली न्हाई."

मंदाचा चेहरा उजळला. मी जिंकले! मग जावयांनी अंगाखाली चाचपलं. "गादी कुठं गेली?"

म्हशीच्या शिंगाला पट्ट्यांचं कापड लोंबत होतं.

"बरं झालं," जावई म्हणाले. "मी घरीबी जमिनीवरच निजतो. गादीवर अंग तापतं माझं."

"मग दिवाळीत काहून न्हाई बोल्ले?"

"तुमी इचारलं कुठं, मामी?"

मालक तोंडाला धोतर लावून हसत होते. मी निमूट म्हशीचं दावं धरलं आणि तिला गोठ्याकडं ओढू लागले. पोट इतकं भरलं होतं, हलेचना!

धोंड्याला जावयाला पोटभर जेवू घालावं आणि नवं कापड द्यावं अशी आमच्याकडं रीत आहे. त्या वर्षी माझ्या हातून दोन्ही झालं. म्हशीचं!