चपलांच्या दुकानाबाहेर काढलेल्या चपला

“चपला काढा. पुढे इतिहास आहे.”

उल्हासनगर कॅम्प दोनच्या भर बाजारात, एका चपलांच्या दुकानासमोर उभा राहून एक पासष्टीचा गृहस्थ दहा-पंधरा माणसांना हे सुनावतो आणि ती माणसं खरोखर चपला काढतात, असं सांगितलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल. पण चपला काढणाऱ्यांत मीही होतो. आनंदनगरच्या रंगाच्या कारखान्यात या गृहस्थांनी आणि मी बावीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला होता, त्यामुळे मला पळ काढायची सोय नव्हती.

निवृत्त झाल्यावर माणसं चारधामला जातात. यांनी टीव्हीदर्शन सुरू केलं. दर रविवारी सकाळी नऊला, फुकट. आपल्या भागात टीव्ही कसा आला, कुठे आला, त्याने काय काय उलथापालथ केली, ती सगळी ठिकाणं दाखवायची आणि शेवटी ओळखीच्या टेंपोतून बदलापूरला न्यायचं.

चपलांचं दुकान हे पहिलं ठिकाण. एके काळी तिथे एका सिंधी शेठचं टीव्हीचं दुकान होतं. रविवारी पौराणिक मालिका लागली की बघणारे रस्त्यावरच चपला काढून हात जोडत. “जागा तीच, मग मानही तोच,” हे म्हणायचे. दुकानाचा आताचा मालक वैतागायचा. “काका, आप लोग बाहर चप्पल निकालते हो, पब्लिक को लगता है सेल लगा है!” एकदा तर त्याच्या नव्या सेल्समनने आमच्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या चपला खरंच विकून टाकल्या. वर गिऱ्हाइकाला सूटही दिली. मुख्याध्यापकांना त्याच दुकानातून नव्या घ्याव्या लागल्या. त्यांना मात्र सूट मिळाली नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे कॅम्प चारमधल्या एका बराकीची भिंत. तिला पूर्वी एक भोक होतं आणि त्या भोकातून एका कुटुंबाने पाच वर्षं शेजाऱ्यांचा टीव्ही पाहिला. शेजाऱ्यांना ठाऊक होतं. ते टीव्ही जरा तिरका ठेवत. टीव्ही बंद केल्यावर भोकावर कॅलेंडर टांगत, पण त्याआधी सभ्यपणे दोनदा खोकत. भोक केव्हाच सिमेंटने बुजवलंय. आम्ही रांग लावून त्या सिमेंटचे फोटो काढायचो.

मग अंबरनाथ. तिथल्या एका घरात वडिलांनी मुलांच्या परीक्षेसाठी टीव्हीच्या लाकडी शटरला कुलूप घातलं होतं. घाईत टीव्ही बंद करायचा राहिला आणि किल्ली हरवली. ते घर चार दिवस टीव्ही ऐकत होतं. आम्ही त्या घराच्या बंद दाराला बाहेरूनच नमस्कार करायचो, कारण आत राहणाऱ्यांनी आम्हाला एकदा हाकललं होतं.

शेवटचं ठिकाण मात्र कुणाला कळायचं नाही. बदलापुरातल्या एका बारा मजली सोसायटीचं पार्किंग. हे तिथल्या पट्ट्यांच्या मधोमध उभे राहत आणि म्हणत, “इथे.” बस्स, पुढे काही नाही. मग बिहारी वॉचमन धावत यायचा. “अंकल, यहाँ गाडी खड़ी करने का है, आदमी नहीं!”

एकदा मी चिडलो. “अहो, इथे टीव्हीचा काय संबंध?”

“इथे आई आहे,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. पार्किंगच्या जागी पूर्वी त्यांचं भाताचं शेत होतं. एका पावसाळ्यात टीव्हीवरच्या शेतीच्या कार्यक्रमासाठी माणसं कॅमेरा घेऊन आली आणि लावणी करणाऱ्या त्यांच्या आईचं चित्रण करून गेली. हे तेव्हा वीस वर्षांचे, त्या शेठच्या दुकानात अँटेना बसवायच्या कामावर, म्हणून त्या दिवशी शेतावर नव्हते. कार्यक्रम लागायच्या संध्याकाळी गावची चाळीस माणसं कॅम्प दोनला दुकानासमोर येऊन बसली. आणि नेमक्या पडद्यावर मुंग्या! हे छपरावर चढले आणि अँटेनाचा पाइप फिरवू लागले. खालून आरडाओरडा, “आलं! गेलं! आलं, आलं! आता सोडू नको रे!” पाइप सोडला असता तर चित्र गेलं असतं. म्हणून आई पडद्यावर होती तेवढा सगळा वेळ हे छपरावर पाइप धरून उभे होते. अख्ख्या गावाने आई पाहिली, यांनी नाही.

“मग कुणाला तरी विचारायचं!”

“विचारलं ना. सगळे म्हणतात, छान दिसली. छान म्हणजे कशी? हसली? बोलली? कुणाला सांगता येत नाही. सगळे माझ्यावर ओरडण्यात गुंग होते. आईला विचारलं तर ती म्हणाली, मी पदरानं तोंड झाकून बसले होते, मला काय ठाव.”

आईचा एकही फोटो कुणी काढला नव्हता. ती गेल्यावर यांनी टीव्हीवाल्यांना पत्रं लिहिली. तिकडून उत्तर आलं की खूप शोधलं, पण टेप मिळत नाही. तेव्हा यांनी दर्शन सुरू केलं. एकट्या माणसाने बाजारात जाऊन इतकं जुनं काही विचारलं तर लोक ‘टाइम नहीं है’ म्हणतात. पण पंधरा माणसं अनवाणी उभी राहिली की सगळा बाजार बघायला येतो आणि त्यात एखादं म्हातारं माणूस निघतंच, जे म्हणतं, “अरे, इथे तर टीव्हीचं दुकान होतं!” त्या माणसाला हे बाजूला घेत. तीन वर्षं असं चाललं होतं. एकजण म्हणाला, ती हसत होती. दुसरा म्हणाला, ती बाई नव्हतीच, बैल होता. हे दोघांचेही आभार मानत. मला माझ्या चिडण्याची फार लाज वाटली.

गेल्या पावसाळ्यात आमचं चपलांचं प्रदर्शन असंच मांडलेलं असताना गर्दीतून पन्नाशी ओलांडलेल्या एक सिंधी बाई पुढे आल्या. शेठची मुलगी. लग्न होऊन इंदूरला गेलेल्या, माहेरी आल्या होत्या. यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, फारशी आशा न ठेवता.

“अरे, वो चिल्लाने वाली आंटी?” बाई म्हणाल्या. “मैं तो टीवी के एकदम नीचे बैठी थी, स्पीकर के पास. कैमरेवाला खेत में घुस गया था ना, तो आंटी ने ऐसे किया...” त्यांनी हात झटकला आणि अस्सल बदलापूरच्या बोलीत ओरडल्या, “ए, कडंनी चाल रं! खाली भात हाय!”



“हमारे घर में तो रोज का था ये,” बाई हसत सांगत होत्या. “मम्मी पोछा मारे और कोई बीच में पैर रखे, तो सब चिल्लाते, कडंनी चाल रं, खाली भात हाय! इंदौर में मेरे पोते भी बोलते हैं. मतलब किसी को नहीं मालूम.”

हे मटकन दुकानातल्या स्टुलावर बसले. “पुन्हा म्हणा,” ते म्हणाले. बाईंनी पुन्हा म्हटलं. “पुन्हा.” असं तीनदा म्हणवून घेतलं. “आईच. आईच ही,” एवढं बोलले आणि हमसून हमसून रडायला लागले. स्टुलावर गिऱ्हाईक बसलंय म्हणून सेल्समन आला आणि त्यांच्या पायाचं माप घेऊ लागला. त्याला कुणी थांबवलं नाही. मला रडूही येत होतं आणि हसूही, मी दोन्ही केलं.

त्यानंतर दर्शन बंद झालं. फोन केला की म्हणत, “आता कशाला? भेटली ती.” रोज संध्याकाळी मात्र ते त्या सोसायटीत जाऊन वॉचमनच्या केबिनमध्ये बसतात, असं त्यांच्या सुनेने सांगितलं. तिथे दोघं काय बोलत असतील, हे तिलाही ठाऊक नव्हतं. मार्गशीर्षात ते गेले. आजार नाही, काही नाही, झोपेतच.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी एकटाच बदलापूरला गेलो आणि पार्किंगच्या कडेला उभा राहिलो. काय करायचं ते सुचत नव्हतं. तेवढ्यात फाटकातून एक मोठी पांढरी गाडी आत शिरली आणि मोकळ्या जागेच्या मधूनच निघाली. बिहारी वॉचमन केबिनमधून धावत आला. त्याने हात झटकला आणि ओरडला, “ए, कडंनी चाल रं! खाली भात हाय!”

गाडीवाल्याने दचकून ब्रेक मारला, खिडकीतून वाकून खालच्या काँक्रीटकडे पाहिलं आणि गाडी कडेकडेने नेली.