गोल केलेला कोपरा

आमच्या साहेबांना खाडाखोड चालत नसे. माणूस मेला तरी चालेल, पण कागद स्वच्छ हवा. गिरगावातल्या त्या इंजिनीयरी कचेरीत मी आकडेमोड करायला होते. पाणी कुठे किती जोरात वाहील हे काढायला आम्ही नकाशावर चौकटींची जाळी आखायचो, प्रत्येक गाठीवर पेन्सिलीने आकडा लिहायचो आणि शेजारच्या आकड्यांशी मेळ बसेपर्यंत खोडून पुन्हा लिहायचो.

एका कोळीवाड्याजवळ नाल्याला भिंत घालायची होती. नाला तिथे काटकोनात वळत होता, आणि वळणाच्या टोकावरच कोळणींचं मासळी वाळवायचं खळं. पाहणीच्या दिवशी एका कोळणीने विचारलं, “आमचा खला ऱ्हाईल ना?” साहेब म्हणाले, “राहील, राहील.”

त्या टोकापाशी आकडे काही केल्या जुळेनात. जुळणार कसे? वळसा घेताना पाण्याचा वेग वितीवितीला बदलतो, आणि आमच्या चौकटी खोलीएवढ्या. मी म्हटलं, तेवढ्या कोपऱ्यापुरत्या बारीक चौकटी आखू, बाकीची जाळी तशीच राहू दे.

“एवढं खोडत कोण बसणार? कोपरा गोल करा. आकडे आपोआप बसतील,” साहेब म्हणाले.

कागदावर कोपरा गोल करायला कंपासचा एक फेरा पुरतो. जागेवर त्यात खळं कापलं जातं. मी हे बोलले तर ते म्हणाले, बायकांना नकाशात माणसं दिसतात. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

तेवढ्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ पडला, कचेरी बंद. चाळीखाली घोषणा चालल्या होत्या आणि मी जमिनीवर कागद पसरून कोपऱ्याशी बारीक चौकटी आखत होते, त्यांच्या आत आणखी बारीक. आकडे बसले. पाण्याचा सगळा जोर टोकाच्या अगदी लगत होता. तिथे भिंतीच्या पायथ्याशी मोठे दगड रचले असते तर कोपरा होता तसा राहिला असता.

कचेरी उघडल्यावर कागद साहेबांपुढे ठेवला. गोल कोपऱ्याचा नकाशा आधीच मंजुरीला गेला होता. “आता परत मागवला तर आपली चूक दिसेल,” एवढंच ते म्हणाले.

भिंत झाल्यावर मी पाहायला गेले. गोलाई मेली सुरेख आली होती. ती कोळीण रस्त्याच्या कडेला, मोटारींच्या धुळीत बोंबील वाळत घालत होती.

“पानी वाढला का गो नाल्याचा?” तिने विचारलं.

“नाही, होतं तेवढंच आहे.”

“मंग आमची जागा कशाला घेतली?”

आम्हाला खोडायचा कंटाळा आला म्हणून, हे मी तिला कुठल्या तोंडाने सांगणार होते?