चौथी खाट

सोमवार, १४ सप्टेंबर. धाकटीला आज पुन्हा हलवलं. तळमजला, दुसरा मजला, व्हरांडा, आता तिसरा मजला. गुरुवारपासून ताप नाही, ऑक्सिजनही काढला. तरी सोडत नाहीत. का?

शेवटच्या शब्दाखाली थोरलीने दोन रेघा ओढल्या.

दोघी सख्ख्या जावा. नवरे गेले, तरी घर एकच राहिलं. थोरली तीस वर्षं कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर होती. दुसऱ्याचं हजेरीकार्ड कोण पंच करतंय, हे ती नुसत्या पावलांच्या आवाजावरून ओळखायची. संशय हा तिचा पोटापाण्याचा धंदाच होता म्हणा ना, आणि निवृत्तीनंतरही तो सुटला नव्हता. धाकटीला साथीचा ताप आल्यापासून इस्पितळात भेटायला बंदी होती. म्हणून ती रोज संध्याकाळी फोनवर ताप विचारी आणि वेळेसकट डायरीत टिपून ठेवी.

"जाऊबाई, इथे संगीतखुर्ची चाललीय," धाकटी म्हणाली होती. "गाणं थांबलं की मी बाहेर!"

"चालतेस का गं?"

"नव्या वॉर्डात डॉक्टर तपासेपर्यंत उठूच देत नाहीत. काल बाथरूमपर्यंत गेले, तर गुडघे लटपटले. अजून आठवडा इथे काढला ना, तर घरी उचलूनच आणावं लागेल."

नक्कीच कुणीतरी वशिल्याने खाटा लाटतंय. दाल में काला नव्हे, इथे सगळी डाळच काळी दिसत होती.

मंगळवारी नऊच्या ठोक्याला ती इस्पितळाच्या खिडकीशी उभी राहिली. काचेआड खाटा वाटणारी कारकून बाई होती. डोळे तांबारलेले, तोंडावर दोन मास्क.

"आजी, घरी सोडायचं तर तुमच्या पेशंटला सलग तीन दिवस ताप नको. आज त्यांचा दुसराच दिवस आहे."

"दुसरा? माझ्याकडे सहावा आहे." थोरलीने डायरी काचेला टेकवली. "तिची खाट कुणाला दिलीत, ते आधी सांगा."

"जो दारात धापा टाकत आला, त्याला. माझ्या मामाला नाही दिली." बाईने स्क्रीनवर पाहिलं. "तिसऱ्या मजल्यावर त्या कालच आल्यात. नवा वॉर्ड, तापाचा नवा तक्ता."

"आणि जुना?"

"फाइल चोवीस तास पेटीत ठेवतो, जंतू मरायला. मग वर पाठवतो."

"वर म्हणजे कुठे? तोवर तर तुम्ही तिला पुढच्या मजल्यावर नेता!"

बाईने स्क्रीनवरचे मजले बोटाने मोजले.

"म्हणजे जागा नाही म्हणून हलवता," थोरली म्हणाली, "आणि हलवता म्हणून दिवस पुन्हा एकपासून मोजता. मग जागा होणार कशी?"

चोर सापडला असता तर थोरलीला बरं वाटलं असतं. त्याला चार शब्द सुनावता आले असते. इथे नुसत्या फाइली होत्या, रुग्णामागे धावणाऱ्या. तरी तिची खात्री पटेना. "पेट्या उघडा. मी इथेच उभी आहे."

"डायरीवर डॉक्टर सोडणार नाहीत हं."

"डायरीवर नकोच. तुमच्याच कागदांवर सोडा."

बाई स्वतः उठून गेली. तासाभराने हातमोजे घालून तीन फाइली घेऊन आली. थोरली काचेबाहेरून तारखा वाचत होती, बाई आतून ताप सांगत होती. गुरुवार, शुक्रवार, शनिवार: एकही आकडा चुकला नाही. बाईने फाइली उचलल्या आणि डॉक्टरांकडे जाता जाता पुटपुटली, "आणखी किती जणांचं असं झालं असेल, देव जाणे."

चार वाजता चाकाच्या खुर्चीतून एक मास्कवाली बाहेर आली. थोरलीने आधी मनगटावरचा पट्टा वाचला, मग कागदावरचं नाव.

"मीच आहे हो, जाऊबाई! पाठीवरचा तीळ दाखवू?"

"दाखव," थोरली गंभीरपणे म्हणाली, आणि मग तिलाच हसू फुटलं.

घराच्या तीन पायऱ्या चढायला मात्र धाकटीला पाव तास लागला. दुसऱ्या पायरीवर ती बसलीच. थोरली तिचा दंड धरून तशीच उभी राहिली; दर थांब्याला घड्याळ बघायची सवय, पण या वेळी तिने ते बघितलं नाही.

मंगळवार, १५ सप्टेंबर. धाकटीचा पलंग बाथरूमच्या दाराशी आणला. पलंगाचा एक पाय आखूड आहे. खाली पुठ्ठा घातला.