रस्ता उगाच वळत न्हाई

रीडिंगकाकांना कुठल्याही रस्त्याचं अंतर विचारा, ते किलोमीटरमध्ये कधी सांगतच नसत. घंटीत सांगत. "सोमठाणा? हायवे सोडला की चार घंट्या. बाजार असला तर अकरा." म्हणजे तेवढ्या वाटेत सायकलची घंटी किती वेळा वाजवावी लागते, ते त्यांचं मोजमाप. पाचाच्या आतला रस्ता जाण्याजोगा, दहाच्या वरचा बिलकुल बेकार. वीज खात्यात घरोघरचं मीटर वाचत त्यांनी सगळी नोकरी सायकलवर काढली, आणि रिटायर झाल्यावरही सकाळी निघायचे ते निघायचेच. आता कशाला जाता म्हटलं, की उत्तर तयार. "तव्हा मीटर पाहत होतो. आता रस्ता पाहून राह्यलो."

बदनापुरात आमच्या समोरचं घर त्यांचं. अंगण चांगलं ऐसपैस, पण त्यांची काळी सायकल कायम बाहेर, भिंतीला टेकून, हँडल गल्लीत आलेलं. दूधवाला वळसा घालून जायचा, मोसंबीचा टेम्पो वळसा घालून जायचा, आणि प्रत्येक जण जाताना काहीतरी पुटपुटायचा. माझ्या वडिलांनी पन्नासदा सांगितलं असेल, अहो, आत घ्या ती. काका हसत. "सायकल आत गेली की माणूस बी आत बसतो. तुम्ही वळा की जरा. वळायला काय जातंय?" यावर वडील घरात येऊन आईवर चिडायचे.

सायकल मला काकांनीच शिकवली. शिकवली म्हणजे काय, चार घंट्यांच्या रस्त्यावर नेऊन सोडून दिलं. पडले तर उचलायला आले नाहीत, कुठल्या खड्ड्यात पडले तेवढं मात्र येऊन नीट बघून गेले. त्यांचा एकच कडक नियम होता: पाण्याची बाटली न्यायची नाही. तहान लागली की पहिलं घर दिसेल तिथे उतरायचं आणि पाणी मागायचं. "बाटलीवाल्याला गाव कळत न्हाई," म्हणायचे. पाणी पिता पिता ते त्या घरच्या बाईला इतके प्रश्न विचारत, की बिचारीची चुलीवरची भाकरी करपायची.

पुढे मी मातीचा अभ्यास करायला फ्रान्सला गेले. गाव लहान, भोवती नुसती शेतं. एक जुनी सायकल घेतली आणि पहिल्याच रविवारी काकांना फोटो पाठवला. सूर्यफुलांच्या वावरांमधून जाणारा अरुंद डांबरी रस्ता, लांब एका चर्चचं टोक. मला वाटलं, वा वा करतील. दुसऱ्या दिवशी त्यांचं दुपारचं जेवण झालं, माझी सकाळ होती, फोन आला. "किती घंट्या?"

"एकही नाही, काका."

"एक बी न्हाई? माणूस न्हाई, ढोर न्हाई, एसटी न्हाई, आन डांबर असं गुळगुळीत. मंग पोरी, हा रस्ता केला कोणासाठी?"

मी त्या रस्त्यावरून दोनदा गेले होते आणि हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता.

झालं, त्या दिवसापासून काकांनी फ्रान्सची रस्तेदारी हातात घेतली. फोन पेल्याला टेकवून ते उपग्रहाचा नकाशा बोटांनी मोठा करत बसत आणि माझे रविवार ठरवत. "पिवळी रेघ सोड, पांढरी बारीक हाय ती धर. कॅनॉलच्या बाजूनं जा, तिथं सावली असंल." असायचीही, बरं का! चौरस्त्यावर लहानसा दगडी क्रूस असतो असं मी सांगितलं, तेव्हा एवढे खूश झाले. "म्हणजे तिथं बी म्हसोबा हाय म्हण की." घरांच्या खिडक्या भर दुपारी बंद का, कुंपणाची झुडपं कोण छाटतं, म्हातारी माणसं कुठे बसतात, एक ना दोन. मी लोकांना विचारून विचारून त्यांना कळवत होते, आणि माझी फ्रेंच सुधारली ती कॉलेजात नाही, काकांच्या चौकशांमुळे.

एकदा मात्र फजिती झाली. नियमाप्रमाणे बाटली नेली नव्हती, ऊन रणरणत होतं आणि सलग तीन गावांत एक दार उघडं नाही. तिथे सायकलवाले कबरस्तानातल्या नळाचं पाणी भरून घेतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. मीही ओंजळीने प्यायले आणि भोळेपणाने काकांना सांगून टाकलं. मग दबक्या आवाजात, काकूंना ऐकू जाऊ नये असं, "घरी येऊन आंघोळ केली ना?"

"केली."

मग न राहवून, "पाणी गोड होतं का?"

त्यानंतर त्यांना नकाशात एक वळण सापडलं. माझ्या गावापासून बराच लांब, एक पांढरी रेघ सरळ सरळ येते आणि मोकळ्या शेतात मध्येच पोट काढल्यासारखी वळून पुन्हा सरळ होते. नदी नाही, घर नाही, नुसता हिरवा ठिपका. "रस्ता उगाच वळत न्हाई," काका म्हणाले. "विहीर असंल, देव असंल, न्हाईतर जमीन न देणारा एखादा वाकडा माणूस असंल. मी म्हणतो देव." मागून काकूंचा आवाज आला, "झाड असंल." काका म्हणाले, "तू गप." मग मला, "जाऊन पाह्य आन फोटो पाठव. जल्दी."

मी हो म्हटलं. आणि गेले नाही. एका रविवारी पाऊस, एका रविवारी रिपोर्ट, एका रविवारी नुसता कंटाळा. दर फोनला काका विचारत, "गेल्तीस का?" मी म्हणे, पुढच्या आठवड्यात नक्की. एक बदल झाला होता तो माझ्या लक्षात यायला हवा होता. "फोटो नको, फोनवर सांग," असं ते अलीकडे म्हणू लागले होते. मला वाटलं, फोन भरला असेल. स्वतःहून विचारायचं सुचलं नाही.

शेवटी काकूंनीच फोन केला, ते बाहेर गेले असताना. काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. कोणाला सांगू नको म्हणून काकूंना शपथ घातली होती. "डॉक्टर म्हणले, गेलेली नजर वापस येत न्हाई. राहिली तेवढी टिकवायची. आता तीबी चालली, बाई. समोर उभं राह्यलं तर सावलीवाणी दिसतं त्यांना. ते तुझं वळण तेवढं पाहायचं म्हणत होते, दिसून राह्यलं तवर."

मला स्वतःची फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी कामाचा वार होता, तरी रजा टाकली, सायकल आगगाडीत घातली आणि गेले. वळणावर उभी राहून फोन लावला.

"उतर आधी," काका म्हणाले. "सायकल पाडून ठेव. वळणाची पावलं मोज."

बेचाळीस पावलं भरली.

"आत काय हाय?"

"काही नाही, काका. गवत आहे."

"असं होत न्हाई. बराबर पाह्य. पायानं पाह्य."

मी गवतात शिरले. मधोमध जमीन जराशी उंच होती, पाय टाकला की कळायची, नुसतं बघून कळली नसती. मी ते सांगत होते, तेवढ्यात ढकलगाडी घेऊन एक म्हातारी बाई रस्त्याने आली आणि मी काय शोधतेय म्हणून थांबली. मी तिला सगळं सांगितलं: भारत, काका, नकाशा. ती आधी हसली, मग हातातली गाडी खाली ठेवून सांगू लागली. तिथे मोठं झाड होतं, चार माणसांच्या कवेत न मावणारं. त्या जातीच्या झाडांवर रोग पडला, त्यात गेलं. ती लग्न होऊन इथे आली त्याच्याही आधी. तिला सासऱ्यांनी सांगितलेलं.

मी एकेक वाक्य मराठी करून फोनमध्ये सांगत गेले.

"म्हणजे या बाईनं बी पाह्यलं न्हाई ते झाड?"

"नाही."

"आन तरी समदे वळून राह्यलेत?"

"हो, काका. तीसुद्धा आत्ता वळूनच आली."

पलीकडे ते एवढ्या मोठ्याने हसले, की त्या म्हातारीलाही ऐकू गेलं. मग फोन बाजूला धरून ओरडले, "अगं, झाड होतं! देव न्हाई, झाडच होतं!" लांबून काकू म्हणाल्या, "मंग मी काय म्हणत होते?" मी रस्त्याच्या कडेला बसून रडले. म्हातारीने मला पाणी दिलं.

फोटो मी पाठवलाच नाही. त्याचं काही कारण उरलं नव्हतं. त्यानंतर काका रस्ते ठरवायचे बंद झाले, पण विचारायचे तितकेच. सायकल चालवणं सुटलं तरी ती बाहेरच असायची, आणि सकाळी ओट्यावरून उतरून ते तिचा एकेक आरा हाताने चाचपून पुसत. मागच्या पौषात काका गेले. मला सुट्टी मिळून घरी पोचायला दोन महिने लागले.

काकूंनी सायकल दाभाडीकडे घरोघर औषधं पोचवणाऱ्या आशा सेविकेला देऊन टाकली होती. "तिला खेड्यापाड्यात जावं लागतं," म्हणाल्या. "आन ती पाणी मागून पिते. मी विचारून घेतलं." भिंतीवर हँडलची घासलेली खूण तेवढी होती. आम्ही ओट्यावर बसलो. दूधवाला आला, मोटारसायकल त्या जागेपाशी आली आणि बाहेरून वळसा घालून गेली. काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

थोड्या वेळाने साखर संपली म्हणून मी स्कूटी काढली. गल्ली रिकामी होती, एकही घंटी लागली नसती. भिंतीपाशी आले, हँडल आपोआप उजवीकडे गेलं आणि वळसा पुरा झाल्यावर माझं माझ्याच लक्षात आलं. मागे पाहिलं. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या, डोळ्यांना मात्र धार लागलेली.

"तू बी?" त्या म्हणाल्या.